फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? गाडीच्या बॉडी वायरिंगमधला शॉर्ट शोधायचा कसा

पावसाचा पहिला जोर ओसरला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनांकडे ठरावीक तक्रारींच्या गाड्या यायला लागतात. काच खाली जाते, वर येत नाही. सेंट्रल लॉक आपोआप लागतं नि उघडतं. ब्रेक दाबला की शेजारचा इंडिकेटर मंद पेटतो. फ्यूज बदलला तर दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उडतो. गाडीमालकाच्या हातात बऱ्याचदा कुठलं तरी कोटेशनही असतं: बीसीएम (दिवे-लॉक चालवणारं कंट्रोल मॉड्यूल) गेलंय, नवीन टाकावं लागेल.

माझ्या पाहण्यात बीसीएमवर जितक्या वेळा खापर फुटतं, तितक्या वेळा ते खरंच खराब निघत नाही. दोष असतो दाराच्या रबरी बूटमध्ये (खांबातून दारात वायरी नेणाऱ्या रबरी नळीत) तुटलेल्या वायरीत, पाणी शिरलेल्या कपलरमध्ये (वायरींच्या काढता-घालता येणाऱ्या जोडात) किंवा ॲक्सेसरी बसवताना केलेल्या जोडणीत. तो शोधायला महागडी यंत्रं लागत नाहीत. क्रम पाळावा लागतो, आणि प्रत्येक मोजमापाचा अर्थ समजून घेऊनच पुढे जावं लागतं. तोच क्रम इथे सविस्तर देतो आहे. घरी मल्टीमीटर वापरणाऱ्या गाडीमालकाला आणि नव्याने हे काम शिकणाऱ्या मुलांना, दोघांनाही तो उपयोगी पडावा.

बीसीएम काय करतं

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, सेंट्रल लॉक, केबिनचा दिवा, अनेक गाड्यांत काचा आणि इमोबिलायझरही (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी सोय) त्याच्या ताब्यात असतं. जुन्या गाडीत बटण दाबलं की त्या बटणातून किंवा रिलेतून करंट थेट दिव्याला जायचा. आता बटण फक्त बीसीएमला निरोप देतं आणि बीसीएम आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून दिव्याला करंट सोडतं.

शोधाची पद्धत या एका फरकामुळे बदलते. हे इलेक्ट्रॉनिक स्विच स्वतःवर लक्ष ठेवतात. पुढे शॉर्ट झाला आणि करंट मर्यादेबाहेर गेला तर ते स्वतःच बंद होतात आणि कोड नोंदवतात. फ्यूज शाबूत राहतो, दिवा मात्र पेटत नाही. काही गाड्यांत एकाच वायरीवर बरेचदा शॉर्ट नोंदवला गेला की बीसीएम ते आउटपुट कायमचं बंद ठेवतं. वायर दुरुस्त झाली तरी स्कॅनरने ते कुलूप काढेपर्यंत दिवा लागत नाही. वायर नीट केली आणि तरीही दिवा लागला नाही, म्हणून बीसीएम फेकलं, हे असंच घडतं.

चार तऱ्हेचे बिघाड, त्यातला एक शॉर्टच नव्हे

अर्थला शॉर्ट म्हणजे प्लसची वायर सोलून गाडीच्या पत्र्याला लागलेली. फ्यूज उडतो किंवा बीसीएम आउटपुट बंद करतं. प्लसला शॉर्ट म्हणजे एखादी वायर कायम प्लस असलेल्या वायरीला चिकटलेली. इथे वस्तू बंदच होत नाही, किंवा रात्रीत बॅटरी उतरते. वायरीला वायर शॉर्ट झाली की एक बटण दाबल्यावर दुसरंच काम होतं.

चौथा बिघाड शॉर्टसारखा दिसतो, पण शॉर्ट नसतो. तो म्हणजे खराब अर्थ, म्हणजे करंट पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी. मागच्या दिव्यांच्या गुच्छाला बहुधा एकच अर्थ असतो. तो गंजला की ब्रेकच्या बल्बमधून निघालेला करंट अर्थला जायला वाट न मिळाल्याने पार्किंगच्या किंवा इंडिकेटरच्या बल्बमधून परत फिरतो. सुरुवातीला सांगितलेली 'ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो' ही तक्रार पुष्कळदा हीच असते. म्हणून वायरिंग सोडण्याआधी एक सोपी चाचणी करा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन दिव्याच्या अर्थ पिनला. मग दिवे लावून ब्रेक दाबायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसला तर आधी अर्थचा बोल्ट खोलून घासा. तेवढ्यावर काम संपूही शकतं.

हाताशी काय हवं

बऱ्यापैकी डिजिटल मल्टीमीटर, ज्यावर मिलिव्होल्ट नीट वाचता येतात. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डरसकट, त्याला दोन लांब वायरी आणि टोकांना जुन्या फ्यूजचे पाय: हा झाला तुमचा टेस्ट लॅम्प. याशिवाय एक एलईडीचा टेस्टर, कपलरच्या मागून आत सरकवता येतील अशा बारीक पिना, ट्रिम, म्हणजे केबिनची प्लॅस्टिकची आवरणं, काढायची हत्यारं, टॉर्च आणि त्याच गाडीचा, त्याच वर्षाचा वायरिंग डायग्राम. वायरीभोवती नुसता अडकवून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

स्कॅनरबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ ओबीडी रीडर (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावून कोड वाचणारे) बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, म्हणजे पी अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. आपल्याला हवे असतात बॉडीचे, बी ने सुरू होणारे, आणि नेटवर्कचे, यू ने सुरू होणारे. त्यासाठी त्या कंपनीच्या गाडीचं बॉडी मॉड्यूल वाचणारा स्कॅनर लागतो. स्वतःकडे नसेल तर एखाद्या गॅरेजमध्ये पैसे देऊन फक्त स्कॅन करून घ्या आणि कोडचा फोटो काढून आणा.

आधी सुरक्षितता

एअरबॅगच्या वायरी बहुधा पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही, मल्टीमीटरने ओहमही मोजायचे नाहीत. स्टिअरिंगखाली, सीटखाली, पुढच्या खांबाच्या ट्रिममागे त्या आपल्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, खेटूनच जातात. तिथे हात घालायचा असेल तर बॅटरीची मायनस काढा आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी जाड केबल उच्च दाबाच्या असतात, त्यांचं प्रशिक्षण नसेल तर त्यांच्या जवळपासही काम करू नका.

बॅटरी काढण्यापूर्वी एक काच खाली करा, चावी खिशात ठेवा, आणि डिकी विजेवर उघडणारी असेल तर ती आधीच उघडून ठेवा. कपलर काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा.

आणि फ्यूज. १० अँपिअरचा लाल फ्यूज उडतोय म्हणून तिथे ३० अँपिअरचा हिरवा घालणारे लोक आहेत. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणारेही आहेत. ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचं रक्षण १० अँपिअरचा फ्यूज करतो. तिथे ३० घातला तर शॉर्टच्या वेळी आधी वायर तापते, तिचं आवरण वितळतं आणि शेजारच्या वायरीही त्यात जातात. गाडीला आग लागायला एवढं पुरेसं आहे. तपासणीसाठी फ्यूज उडवत बसायचंच नाही. पुढे टेस्ट लॅम्पची पद्धत आहे, तिच्यात एकही फ्यूज खर्ची पडत नाही.

पहिली पायरी: माणसाला विचारा

गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी मालकाशी बोला. "दादा, फ्यूज उडतो तेव्हा तुम्ही नेमकं काय करत असता?" या प्रश्नाच्या उत्तरावर निम्मं काम होतं. इग्निशन चालू करताच उडत असेल तर दोष कायमचा आहे, सापडायला सोपा. दार उघडताना उडत असेल तर दाराचा बूट बघा. डिकी लावताना उडत असेल तर डिकीच्या बिजागरीजवळचा हार्नेस. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून जाताना उडत असेल तर कुठेतरी वायर लोंबते आहे आणि पत्र्यावर घासते आहे. फक्त पावसातच होत असेल तर पाणी. वायपर लावल्यावरच होत असेल तर वायपरचीच शाखा.

आणखी दोन प्रश्न हवेतच: अलीकडे काही नवीन बसवलं का, आणि गाडीचं कुठलं काम झालं का? अँड्रॉइड स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प, डॅशकॅम, रिमोट लॉक यांतलं काहीही असेल तर पहिली नजर तिथे. मूळ वायर न कापता तिच्यावर दाबून बसवायचे निळे-लाल प्लॅस्टिकचे क्लिप मिळतात. ते वायरीचं आवरण फाडून आत घुसतात. आपल्या हवेत त्या जखमेतून दमटपणा आत जातो आणि दोन पावसाळ्यांत तांबं हिरवं पडतं. बंपर काढून बसवला असेल तर फॉग लॅम्पची वायर कुठे चेपली आहे का, तेही बघायचं.

दुसरी पायरी: कोड वाचा, पण त्यावरून पार्ट बदलू नका

बीसीएमचा कोड सांगतो की अमुक आउटपुटवर अर्थला शॉर्ट आहे, प्लसला शॉर्ट आहे, की सर्किट तुटलेलं आहे. कोड सांगतो तो वायरीचा पत्ता. बल्ब, मोटर, कपलर, वायर, बीसीएमची स्वतःची पिन, यांपैकी काहीही दोषी असू शकतं. कोड लिहून घ्या, पुसा, मग एकेक वस्तू चालवून बघा की कुठल्या क्षणी तो परत येतो. स्कॅनरमध्ये आउटपुट चाचणीची सोय असेल तर स्कॅनरवरूनच तो दिवा लावून बघा. स्कॅनरच्या हुकमावर दिवा लागतो आणि बटणाने लागत नाही, तर दोष बटणाच्या बाजूला आहे. दिव्याची वायर सोलत बसायचं कारण नाही.

बाजारातले एलईडी बल्ब टाकले असतील तर आधी मूळ बल्ब बसवा. त्यांचा करंट कमी असल्यामुळे बीसीएमला वाटतं बल्ब उडाला आहे. ते खोटे कोड आधी बाजूला झाले पाहिजेत.

स्कॅनरच चालू होत नसेल तर ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचं व्होल्टेज येतंय का बघा. काही गाड्यांत ही पिन आणि सिगारेट लायटरचं सॉकेट एकाच फ्यूजवर असतात, आणि लायटरच्या सॉकेटमध्ये पडलेलं एखादं नाणं सगळ्या गोंधळाचं कारण निघतं.

तिसरी पायरी: डोळ्यांनी बघायच्या जागा

हत्यार हातात घेण्याआधी अर्धा तास टॉर्च घेऊन बघण्यात घालवा.

पहिली जागा दाराचा रबरी बूट. ड्रायव्हरचं दार रोज कितीदा उघडतं-मिटतं, आणि दर वेळी त्यातल्या वायरी एकाच ठिकाणी वाकतात. बूट खांबाच्या बाजूने सोडवून मागे सरकवा, एकेक वायर हलकेच ओढा. आवरण शाबूत आणि आत तांबं तुटलेलं, अशी वायर रबरासारखी ताणली जाते. हॅचबॅकमध्ये डिकीच्या वरच्या कोपऱ्यातला बूट तितकाच संशयास्पद.

दुसरी जागा पाण्याची. विंडशील्डच्या खाली वायपरच्या जाळीत पाणी निघून जायला भोकं असतात. ठाण्यात सोनमोहर आणि रेन ट्रीखाली गाडी उभी राहते, त्यांची बारीक पानं आत जाऊन त्या भोकांवर थर धरतात. पाणी साचतं आणि केबिनच्या फिल्टरच्या किंवा एखाद्या ग्रोमेटच्या (पत्र्यातल्या भोकावरच्या रबराच्या) वाटेने आत उतरतं. एसीची ड्रेन नळी तुंबली तर बहुधा डाव्या बाजूचं कार्पेट ओलं होतं. सनरूफ असेल तर तिच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्या खांबांतून खाली येतात. त्यातली एक निसटली की पाणी थेट खांबातल्या हार्नेसवर. कार्पेट वरून कोरडं दिसतं, खालचा फोम भिजलेला असतो. हात खाली घालून दाबून बघा. अनेक छोट्या गाड्यांत बीसीएम ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर, फ्यूज बॉक्सच्या मागेच असतं. तिथे पाण्याचा ओघळ दिसला तर कपलर काढून पिनांवर हिरवा-पांढरा थर आहे का ते बघायचं. खाडीकाठी, पाम बीच रोडच्या किंवा ऐरोलीच्या बाजूला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे मी नक्की तपासतो. खाऱ्या दमट हवेत हा थर लवकर धरतो, आणि ओला असताना तो दोन शेजारच्या पिनांमध्ये करंट वाहू देतो. हा अर्धवट शॉर्ट. फ्यूज उडत नाही, पण वायपर मध्येच एक फेरी मारतो, लॉक आपोआप लागतं.

तिसरी जागा उंदरांची. बेसमेंट पार्किंग, सोसायटीच्या कचराकुंडीजवळची जागा, वाशीच्या एपीएमसी बाजाराच्या आसपासचा भाग. बॉनेटखाली लेंड्या, कुरतडलेला फोम दिसला तर हार्नेस संपूर्ण लांबीभर हात फिरवून तपासा. उंदीर एकच वायर कुरतडून थांबत नाही.

राहिलेल्या जागा: सीटच्या रेलखाली, डिकीत जॅक आणि सामान आपटतं त्या बाजूच्या ट्रिममागे, आणि जिथे ट्रिमचा स्क्रू हार्नेसमधून आरपार गेलेला असतो.

चौथी पायरी: फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प

हा सगळ्यात कामाचा भाग आहे. उडणारा फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांत २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. पुढे पूर्ण शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज बल्बवर पडतं, तो झगझगीत पेटतो, आणि वायरीतून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जातो. तेवढ्याने वायर तापत नाही. फ्यूज उडत नाही म्हणून हवा तितका वेळ शोधता येतं.

बल्ब मंद पेटला तर घाबरू नका. त्या सर्किटवरची एखादी चालू वस्तू तेवढा करंट घेत असते. म्हणून त्या फ्यूजवर काय काय आहे ते डायग्राममधून काढा, सगळ्या वस्तू बंद करा, शक्य ते बल्ब आणि मोटरींचे कपलर काढा. तरीही टेस्ट लॅम्प पूर्ण उजेडात असेल तर शॉर्ट वायरीत आहे.

आता शाखा तोडत जायचं, पण एका टोकापासून ओळीने नाही. गणपतीच्या आराशीतली दिव्यांची माळ बंद पडली की जाणता माणूस ती मध्यावर तपासतो, तसं इथेही डायग्रामवर मधला कपलर शोधा आणि तो काढा. टेस्ट लॅम्प विझला तर शॉर्ट त्या कपलरच्या पलीकडे, पेटताच राहिला तर अलीकडे. उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य. आठ शाखांचा हार्नेस असला तरी तीन-चार कपलर काढून तुम्ही एका शाखेवर येता.

दोष मधूनमधून येणारा असेल तर लॅम्प जागेवर ठेवून हार्नेस हलवा: दार सावकाश उघडा-मिटा, डिकी वरखाली करा, कपलर दाबा, स्टिअरिंग वर-खाली करा. दुसऱ्या माणसाला फक्त बल्बकडे बघत बसवा. बल्ब ज्या क्षणी लकाकतो, तेव्हा तुमचा हात जिथे असेल तिथेच थांबा.

इथे एक सावधगिरी. हा २१ वॅटचा बल्ब फ्यूजच्या जागी चालतो. बीसीएमच्या सिग्नलच्या वायरी, सेन्सर, कॅन किंवा लिनच्या (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या) वायरी यांना तो लावायचा नाही. तिथे पावणेदोन अँपिअर ओढले तर चांगलं मॉड्यूलही निकामी होऊ शकतं. त्या वायरींना मल्टीमीटर.

पाचवी पायरी: मिलिव्होल्टवरून जागा काढा

शाखा सापडली, पण ती चार मीटर लांब आहे आणि अर्धी कार्पेटखाली. अख्खी गाडी उघडायची का? नाही. टेस्ट लॅम्प पेटता असताना त्या वायरीतून फ्यूजपासून शॉर्टपर्यंत ठरावीक करंट वाहतो आहे. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण ०.०३७ ओहम असतो. पावणेदोन अँपिअरला दर मीटरला सुमारे ६५ मिलिव्होल्ट कमी होतात. शॉर्टच्या पलीकडे करंटच वाहत नाही, त्यामुळे तिथे आकडा बदलत नाही. एवढ्यावरून जागा निघते.

उदाहरण घेऊ. मागच्या पार्किंग दिव्याची शाखा. काळी पिन बॅटरीच्या मायनसला, मल्टीमीटर मिलिव्होल्टवर, लाल पिन कपलरच्या मागून. फ्यूजच्या जागी, मागच्या दिव्याकडे जाणाऱ्या पायावर २७० मिलिव्होल्ट. दाराखालच्या पट्टीतल्या कपलरवर १४०. डिकीच्या बिजागरीजवळच्या कपलरवर ६०. दिव्याच्या होल्डरवरही ६०. शेवटचे दोन आकडे सारखे, म्हणजे त्या भागातून करंट जात नाही. शॉर्ट त्याच्या अलीकडे आहे. पट्टीच्या कपलरपासून शॉर्टपर्यंत १४० वजा ६०, म्हणजे ८० मिलिव्होल्ट पडतात. ६५ ने भागलं तर कपलरपासून साधारण सव्वा मीटर. टेपने मोजा: मागच्या चाकाच्या कमानीवरची ट्रिम. तेवढीच काढायची. तिथल्या एखाद्या स्क्रूखाली किंवा पत्र्याच्या कडेवर वायर चेपलेली निघते.

वायरीची जाडी माहीत नसेल तरी चालतं. वरच्या उदाहरणात फ्यूजपासून पट्टीच्या कपलरपर्यंतची वायर सुतळी लावून मोजली आणि ती दोन मीटर निघाली, तर १३० भागिले २, म्हणजे मीटरला ६५. त्याच गाडीच्या त्याच वायरीने तुम्हाला माप दिलं. शॉर्टच्या ठिकाणी उरलेले ६० मिलिव्होल्ट तिथल्या कच्च्या स्पर्शाचे असतात, म्हणून अंतर नेहमी दोन आकड्यांच्या फरकावरून काढायचं. ही पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात वायर कुठेही सोलावी लागत नाही.

क्लॅम्प मीटर असेल तर तो हार्नेसभोवती लावून फ्यूजकडून पुढे पुढे सरकत जा; करंट जिथे नाहीसा होतो तिथे शॉर्ट. हार्नेसमधल्या इतर वस्तू तेव्हा बंद हव्यात.

ओहम मोजताना होणारी गफलत

बॅटरी काढून, वायरीची दोन्ही टोकं मोकळी करून वायर आणि बॉडीमधला रोध मोजायचा. निर्दोष वायरीला मीटर अनंत दाखवतो. टोकाला बल्ब राहू दिला तर फसगत होते: २१ वॅटचा बल्ब पेटलेला असताना सात ओहमच्या आसपास असतो, पण थंड असताना एक ओहमच्याही खाली जातो. मीटरचा बीप वाजतो आणि माणूस शॉर्ट समजून वायर कापायला घेतो. ओहम मोजायचे तर सगळे बल्ब, सगळ्या मोटरी बाहेर. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारे ०.२ किंवा ०.३ ओहम वजा करा.

सहावी पायरी: थेट बीसीएममधून निघणारी वायर

जिथे बीसीएम स्वतः करंट सोडतं तिथे फ्यूजच्या जागचा लॅम्प पुरत नाही, कारण बीसीएम लगेच हात आखडतं. बॅटरीची मायनस काढा, बीसीएमचा तो कपलर काढा, मग मायनस परत लावा. आता कपलरमधल्या त्या वायरीच्या पिनला बॅटरीच्या प्लसवरून ५ अँपिअरचा फ्यूज आणि टेस्ट लॅम्प यांच्यामार्फत करंट द्या. पिन जाड पिनेने पसरवू नका, नाहीतर नवा लूज कनेक्शनचा दोष तुम्हीच कराल. शेवटचा बल्ब काढलेला असताना टेस्ट लॅम्प पेटला तर शॉर्ट वायरीत, आणि वरची मिलिव्होल्टची पद्धत जशीच्या तशी लागू. टेस्ट लॅम्प पेटला नाही, बल्ब बसवल्यावर दोन्ही मंद पेटले, तर वायर ठीक आहे.

वायर ठीक, अर्थ ठीक, बीसीएमला येणारे प्लस ठीक, पिना स्वच्छ, आणि बल्ब काढलेला असतानाही बीसीएम शॉर्टचाच कोड देतंय: फक्त तेव्हा बीसीएम संशयित. त्यानंतरही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दुसऱ्या गाडीचं जुनं बीसीएम आणून लावू नका. चाव्यांची ओळख आणि गाडीचं कोडिंग त्यात असेल तर गाडी सुरूच होणार नाही. आणि मूळ शॉर्ट तसाच असेल तर नवं बीसीएमही तेच दुखणं दाखवेल.

कॅन आणि लिन

एकाच वेळी बरीच मॉड्यूल बोलेनाशी झाली, डॅशबोर्डच्या मीटरवर सगळे दिवे पेटले, यू कोडांची रांग लागली, तर कॅनच्या दोन पिळलेल्या वायरींकडे वळा. बॅटरी काढून थोडा वेळ थांबा आणि ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या जवळ आला तर दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० म्हणजे कुठेतरी वायर तुटलेली. शून्याजवळ म्हणजे दोन्ही वायरी एकमेकींना चिकटलेल्या. बॅटरी जोडून इग्निशनवर कॅन-हाय अडीच व्होल्टच्या थोडा वर आणि कॅन-लो थोडा खाली दिसतो. एखादी शून्यावर असेल तर अर्थला शॉर्ट, बारावर असेल तर प्लसला. मध्ये गेटवे (सॉकेट आणि आतलं नेटवर्क यांना जोडणारं मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत सॉकेटवरून आतल्या बॉडी कॅनची अवस्था दिसत नाही. तिथे बीसीएमच्या पिनांवरच मोजावं लागतं. मग एकेक मॉड्यूल काढत जायचं. ज्याला काढल्यावर आकडे सुधारतात ते मॉड्यूल किंवा त्याची शाखा दोषी.

लिन ही एकाच वायरीची साधी लाइन. काचांची बटणं, आरसे, पावसाचा सेन्सर बऱ्याचदा हिच्यावर असतात. निवांत असताना तिच्यावर बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज हवं. कायम शून्य म्हणजे अर्थला शॉर्ट, आणि तो पुन्हा दाराच्या बूटमध्ये सापडण्याची शक्यता मोठी.

दुरुस्ती

तितक्याच जाडीची, बारीक तारांची लवचीक ऑटो वायर घ्या. घरगुती वायर नको. जोड क्रिंप करा, म्हणजे धातूच्या स्लीव्हमध्ये घालून पकडीने दाबा, आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. दाराच्या बूटमध्ये जोड ठेवायचाच नाही. सोल्डर केलेला भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेला वायर पुन्हा तुटते. बूटमधला पूर्ण तुकडा बदला आणि दोन्ही जोड दाराच्या आणि खांबाच्या आत, न वाकणाऱ्या जागी घ्या. अनेक वायरी तुटल्या असतील तर जोड एकाच ठिकाणी न घेता मागेपुढे घ्या, म्हणजे गाठ होत नाही.

कॅनच्या वायरींचा पीळ तसाच ठेवा. जोडाजवळ पाच सेंटिमीटरहून जास्त लांबी मोकळी नको. बाहेरून कापडी हार्नेस टेप गुंडाळा. साधी काळी पीव्हीसी टेप उन्हाने नि इंजिनाच्या उष्णतेने सुटते, तिचा चिकटा सगळीकडे पसरतो. कपलरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. तांबं खाल्लं गेलं असेल तर पिनच बदला. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी कंपनीच्या वर्कशॉपला दाखवा आणि लेखी घ्या.

पाणी जिथून आलं ती वाट बंद केल्याशिवाय ट्रिम लावू नका. जाळीतली पानं काढा, ड्रेनच्या भोकांतून पाणी ओतून ते खाली पडतंय का बघा, कार्पेटखालचा फोम बाहेर काढून खडखडीत वाळवा. दमट ऑगस्टमध्ये त्याला वेळ लागतो, गाडी एक दिवस जास्त ठेवावी लागली तरी ठेवा.

गाडी देण्याआधी

योग्य आकड्याचा फ्यूज घाला. त्या सर्किटवरच्या सगळ्या वस्तू एकाच वेळी चालू करून करंट मोजा. दोन २१ वॅटचे बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर. मोजलेला आकडा हिशेबाच्या जवळपास हवा. सगळी दारं आणि डिकी पुन्हा पुन्हा उघडा-मिटा. विंडशील्डच्या जाळीवर आणि दारांवर पाइपने पाणी सोडा, आणि पाणी चालू असतानाच काचा, लॉक, वायपर चालवा. कोड पुसा, एक फेरी मारून पुन्हा स्कॅन करा. काचांचं ऑटो-अप (एकदा दाबून काच पूर्ण वर जाणं) बॅटरी काढल्यामुळे विसरलं असेल तर ते पुन्हा शिकवा.

शेवटी गाडी लॉक करून बीसीएमला झोपू द्या. काही गाड्यांना याला दहा मिनिटं लागतात, काहींना अर्ध्या तासाहून जास्त. बॉनेटचा लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ठेवा, नाहीतर बीसीएम जागंच राहतं. मग बॅटरीच्या मायनस केबलवर करंट मोजा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर गाडी मालकाच्या हवाली करा, आणि कापलेल्या जुन्या वायरीचा तुकडा व दुरुस्तीच्या जागेचा फोटोही सोबत द्या; पुढच्या वेळी जो कोणी ती ट्रिम उघडेल त्याला जोड कुठे आहेत ते कळेल.